चालणं ठेवा, देणं सोडा

लग्नसराई आली की मराठी घरांत एक वाद हटकून पेटतो. हॉलमध्ये खुर्च्यांच्या दोन भागांमधून गालिचा अंथरलेला असतो, दोन्ही कडांना फुलांचे खांब असतात आणि त्या वाटेवरून वडिलांचा हात धरून नवरी चालत येते. एक बाजू म्हणते, हे परदेशी खूळ कशाला? आपल्याकडे मामा आहे, अंतरपाट आहे. दुसरी बाजू म्हणते, कन्यादान जुनाट झालं, मुलगी काही वस्तू नाही. त्यापेक्षा बापलेकीनं मिळून चालत येणं किती मोकळं आणि प्रेमाचं वाटतं! दोघंही तावातावाने बोलतात आणि दोघांच्याही हातून एक गोष्ट निसटते. वडिलांनी मुलीला चालवत नेऊन नवऱ्याच्या हाती सोपवायचं, हे इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट विधीतलं कन्यादानच आहे. कन्यादानाला नावं ठेवून त्याच्या जागी हे आणणारे एक दान काढून दुसरं दान आणतात. आणि हे परदेशी म्हणून नाक मुरडणारे आपल्याच विधीच्या सख्ख्या भावंडाला परकं ठरवतात.

माझं म्हणणं सरळ आहे. त्या वाटेवरून चालण्यात दोन वेगळ्या क्रिया मिसळल्या आहेत. एक म्हणजे माणसांनी मिळून वाजतगाजत आत येणं, आणि दुसरी म्हणजे एका पुरुषाने एक बाई दुसऱ्या पुरुषाच्या हवाली करणं. पहिली क्रिया सुंदर आहे, ती ठेवावी. दुसरी काढून टाकावी. चर्चमधूनही आणि मांडवातूनही. असं केल्याने धर्म बुडत नाही, उलट बऱ्याच ठिकाणी तो मूळ विधीच्या जवळ जातो. परंपरेचा कैवार घेणाऱ्यांनी आधी परंपरा नीट पाहावी, एवढीच अपेक्षा आहे.

सुरुवात वाटेपासूनच करू. 'आइल' हा शब्द आज आपल्याला विमानात भेटतो (खिडकीची जागा हवी की आइलची?), सुपरमार्केटमध्ये डाळी-साबणांच्या रांगांमध्ये भेटतो, नाट्यगृहात भेटतो, अमेरिकेच्या राजकारणात तर दोन पक्षांना विभागणाऱ्या मधल्या वाटेलाही तो लागू झाला आहे. या सगळ्या ठिकाणी आइल म्हणजे सगळ्यांची, दोन्ही दिशांनी चालायची वाट. चर्चच्या बांधकामात मात्र आइल मध्ये नसतंच. मधला उंच, रुंद भाग म्हणजे नेव्ह, आणि खांबांच्या पलीकडे दोन्ही अंगांना असलेले अरुंद पट्टे म्हणजे आइल. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलमध्ये उभं राहिलं की हे लगेच कळतं: मध्ये नेव्ह, दोन बाजूंना दोन आइल. तिथून हाकेच्या अंतरावर असलेल्या बॉम जेझूच्या बॅसिलिकेत एकच भव्य दालन आहे, बाजूचे पट्टे नाहीतच. म्हणजे तिथे लागणाऱ्या लग्नात नवरी कुठल्याच आइलमधून चालत नाही, तरी तिचं लग्न पक्कं लागतं. आपण ज्याला शतकानुशतकांचा पवित्र मार्ग समजतो, तो बाकांच्या दोन रांगांमध्ये सोडलेली मोकळी जागा आहे. बाकं तरी किती जुनी? युरोपातल्या चर्चमध्ये कायमची बाकं मध्ययुगाच्या उत्तरार्धात येऊ लागली आणि धर्मसुधारणेनंतर, तास-तासभराची प्रवचनं सुरू झाल्यावर, सर्रास झाली. त्याआधी लोक उभे असत. बाकं नव्हती तिथे बाकांमधली वाटही नव्हती.

त्या काळात लग्न कुठे लागत होतं? चर्चच्या दारात. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये शपथा दारातल्या देवडीत व्हायच्या. नवरा पत्नीला काय स्त्रीधन देणार हे तिथेच, चारचौघांसमोर जाहीर व्हायचं, आणि कायद्याच्या भाषेत त्या स्त्रीधनाला 'चर्चच्या दारातलं' असं नावच पडलं होतं. उघड्यावर लग्न लावण्याला कारण होतं. साक्षीदार भरपूर मिळत, आणि नंतर कुणी 'मी असं बोललोच नव्हतो' म्हणू शकत नसे. शपथा झाल्या, अंगठी घातली, की मग जोडपं मिस्सेसाठी, म्हणजे मुख्य प्रार्थनाविधीसाठी, आत जाई. म्हणजे चर्चच्या मधल्या वाटेवरून लग्नाच्या दिवशी जे पहिलं महत्त्वाचं चालणं होतं, ते नवराबायकोचं होतं, दोघांचं, शेजारी-शेजारी, शपथा झाल्यावर. वडिलांनी मुलगी देण्याची क्रिया त्या काळीही होती, हे मान्यच करायला हवं. पण ती दारात व्हायची. वाटेशी तिचा संबंध नव्हता.

1549 मध्ये इंग्लंडच्या चर्चचं पहिलं प्रार्थनापुस्तक आलं आणि लग्न दारातून आत, चर्चच्या मुख्य भागात गेलं. त्या पुस्तकात काय लिहिलंय? ज्यांचं लग्न व्हायचंय त्या दोघांनी आपल्या मित्र आणि शेजाऱ्यांसह आत यावं. नवरीची मिरवणूक नाही, बाकांमधून संथ चाल नाही, बाप-लेकीचा प्रवेश नाही. पुढे धर्मगुरू विचारतो, ही स्त्री या पुरुषाला लग्नात कोण देतो? आणि इथे दोन बारकावे आहेत, जे या वादात कुणी काढत नाही. पहिला असा, की याच पुस्तकाच्या 1662 च्या आवृत्तीत या प्रश्नाला उत्तरच छापलेलं नाही. 'मी देतो' हे शब्द नंतरच्या वहिवाटीचे. दुसरा त्याहून मोलाचा. पुस्तक सांगतं, की धर्मगुरूने नवरीला तिच्या 'वडिलांच्या किंवा स्नेह्याच्या' हातून स्वीकारावं आणि मग नवऱ्याने आपल्या उजव्या हाताने तिचा उजवा हात धरावा. म्हणजे या विधीतही बाप मुलीला थेट जावयाच्या हाती देत नाही. मध्ये धर्मगुरू आहे, आणि देणारा बापच असला पाहिजे असंही नाही. आज हॉलमध्ये किंवा चर्चमध्ये आपण पाहतो ते दृश्य, म्हणजे बाप चालत येतो, जावयाशी हस्तांदोलन करतो, मुलीचा हात त्याच्या हातात ठेवतो आणि बाजूला होतो, हे मूळ ग्रंथापेक्षा जास्त सौदेबाज आहे. व्हिक्टोरियन काळातल्या थाटामाटाने आणि पुढे सिनेमाने ते घडवलं.

त्या काळातही राजघराण्यातल्या बायकांनी हे नियम वाकवलेले दिसतात. राणी व्हिक्टोरियाचं लग्न 10 फेब्रुवारी 1840 ला झालं. तिचे वडील ती तान्ही असतानाच वारले होते, म्हणून तिला तिच्या काकांनी, ड्यूक ऑफ ससेक्सने, दिलं. पुढे ती स्वतः विधवा झाली, आणि आपल्या मुलींना, 1866 मध्ये हेलेनाला व 1871 मध्ये लुईसला, वेदीपर्यंत तीच घेऊन गेली. दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडची राणी जे उघडपणे करू शकली, ते आज एकट्या आईने वाढवलेल्या मुलीच्या लग्नात करायचं म्हटलं की नातेवाइकांची धावपळ सुरू होते. वडील नाहीत? मग काका शोधा. काका नाहीत? आतेभाऊ चालेल, कोणी तरी पुरुष हवा. बारा-पंधरा वर्षं जिने डबे करून, शिकवण्या घेऊन मुलीला वाढवलं, ती आई पहिल्या बाकावर बसून पाहत राहते. या वाटेचा अर्थ निव्वळ प्रेम असता, तर सर्वांत आधी तीच त्या वाटेवर दिसली असती.

वसई, गोवा आणि मुंबई या पट्ट्यातल्या कॅथलिकांच्या बाबतीत तर मुद्दा आणखी ठळक होतो. कॅथलिक विधीत 'ही स्त्री कोण देतो' हा प्रश्नच नाही. कॅथलिक धर्मशास्त्रानुसार लग्न घडवते ती त्या दोघांची संमती, आणि 1983 च्या धर्मसंहितेचं कलम 1057 सांगतं, की ही संमती दुसरी कोणतीही मानवी सत्ता त्यांच्या वतीने देऊ शकत नाही. 1563 मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने आईबापांच्या मर्जीविरुद्धच्या लग्नांबद्दल नाराजी नोंदवली, पण अशी लग्नं मुळातच रद्द ठरतात असं म्हणणाऱ्यांचा तिने धिक्कार केला. सोळाव्या शतकातल्या सरदार घराण्यांना हे मुळीच रुचणारं नव्हतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1969 मध्ये, विवाहविधीचं जे नवं पुस्तक आलं, त्यात पहिला पर्याय असा आहे: धर्मगुरू चर्चच्या दारापाशी येऊन वधू आणि वर दोघांचं स्वागत करतो, मग मिरवणूक वेदीकडे निघते, पुढे सेवक, मग धर्मगुरू, मग वधूवर, आणि स्थानिक रीतीप्रमाणे त्यांच्यासोबत आईवडील व दोन साक्षीदार. दोघं एकत्र. दोघांचेही आईवडील. पुस्तकात इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना नवरा वेदीपाशी ताटकळत उभा आणि नवरी वडिलांच्या हाताशी, हेच चित्र 'आपली ख्रिस्ती परंपरा' म्हणून रुजलं. ते पोर्तुगीजांनी आणलेल्या विधीतलं नाही, रोमच्या पुस्तकातलं नाही. ते इंग्रजी रिवाजातून आणि नंतर पडद्यावरून आलं.

आता विरोधी बाजूचे खरे वजनदार मुद्दे घेऊ, कारण ते टाळून बोलणं म्हणजे वाद वाईट पद्धतीने लढणंच.

पहिला मुद्दा मुलींचाच आहे. अनेक नवऱ्या मुलींना वडिलांसोबत चालायचं असतं. कुणी त्यांच्यावर सक्ती केलेली नसते. कष्ट करून शिकवलेल्या बापाला सगळ्या पाहुण्यांसमोर मान द्यावा, त्या मिनिटभरात त्याचा हात घट्ट धरावा, ही इच्छा खरी आहे आणि तिची थट्टा करणारा माणूस मला आवडत नाही. दुसरा मुद्दा असा, की प्रतीकांचे अर्थ बदलतात. आज कोणताही शहाणा बाप मुलीला मालमत्ता समजून तिचा हात जावयाच्या हाती देत नाही. कायद्यानेही ती केव्हाच स्वतंत्र झाली आहे. मग मेलेल्या अर्थावर एवढा राग का? तिसरा मुद्दा समाजाचा. लग्न दोन व्यक्तींचं असलं तरी घराण्यांनी त्याला हात लावणं, पाठिंबा उघडपणे दाखवणं आवश्यक असतं. वडिलांना काढलं, की ज्येष्ठांना सोहळ्यात जागाच उरत नाही.

या तिन्ही मुद्द्यांमध्ये सत्य आहे. पण ते सत्य चालण्याच्या बाजूने साक्ष देतं, हवाली करण्याच्या बाजूने देत नाही. वडिलांचा मान ठेवायचाय ना? मग तो नवऱ्या मुलाच्या वडिलांचा का ठेवत नाही? मुलालाही कुणी तरी वाढवलंय, त्याच्याही शिक्षणासाठी कुणी तरी कर्ज काढलंय. त्याची आई त्याचा हात धरून त्याला वेदीपर्यंत आणते आणि सुनेच्या हाती देऊन मागे सरते, असं दृश्य डोळ्यांसमोर आणा. विचित्र वाटतं? का वाटतं? प्रतीकाचा अर्थ खरोखर मेला असता, तर भूमिका उलटल्यावर काहीच खटकलं नसतं. खटकतं, याचा अर्थ तो जिवंत आहे. तो शब्दांत नाही, मांडणीत आहे: कोण उभा राहून वाट पाहतो, कोण आणलं जातं, कोणाच्या हातून कोणाच्या हाती जातं. आणि ज्यांचं म्हणणं आहे की यात काही अर्थच उरला नाही, त्यांना माझा प्रश्न आहे: मग शेवटची तीन पावलं बदलायला एवढा विरोध कशासाठी?

ज्येष्ठांना जागा उरत नाही, हे तर सर्वांत कमकुवत. ज्यू लोकांच्या अनेक परंपरांत वराला त्याचे आईवडील आणि वधूला तिचे आईवडील लग्नाच्या छताखाली (हुप्पा) घेऊन येतात. चारही ज्येष्ठ चालतात आणि कुणीच कुणाला देत नाही. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे ज्यू, मराठी माणसांकडे तर सिनेगॉगमध्ये (प्रार्थनागृहात) वधू चालत येत असताना वर तिच्यासाठी हिब्रू गीत म्हणतो. वाट पाहणारा नुसता ताब्यात घेण्यासाठी उभा नाही, तोही काही अर्पण करतो आहे. इंग्लंडच्या चर्चनेही 2000 साली आलेल्या नव्या विधीत मुलगी 'देणं' ऐच्छिक केलं आणि एक पर्यायी प्रश्न दिला. तो दोन्ही बाजूंच्या आईवडिलांना विचारला जातो: तुमचा मुलगा आणि तुमची मुलगी तुम्ही एकमेकांकडे सोपवाल का? चौघांनी मिळून 'हो' म्हणायचं. ज्येष्ठांची जागा गेली कुठे? उलट दोनाची चार माणसं झाली.

या वादाचा सर्वांत बोलका नमुना स्वीडनमध्ये सापडतो. तिथे पूर्वापार रीत अशी, की वधूवर दोघं मिळून चर्चच्या मधल्या वाटेवरून चालत जातात. 2010 मध्ये राजकन्या व्हिक्टोरियाच्या लग्नाच्या वेळी कळलं, की वडील, म्हणजे राजे सोळावे कार्ल गुस्ताफ, तिला वेदीपाशी नेऊन सोपवणार. तेव्हाचे आर्चबिशप आंडर्स वेय्‌र्यूड यांनी हे स्वीडिश परंपरेत बसत नाही, असं जाहीरपणे सांगितलं आणि वर्तमानपत्रांत रान पेटलं. एकीकडे 'राजकन्येची इच्छा' आणि दुसरीकडे 'समानता', असे दोन तट पडले. 19 जूनला स्टॉकहोमच्या स्टोरशिर्कान चर्चमध्ये जे झालं ते मधलं होतं: राजाने मुलीला काही अंतर चालवत आणलं, तिथे नवरदेव डॅनियल येऊन थांबले होते, आणि उरलेली वाट ती दोघं मिळून चालली. त्यानंतर सामान्य जोडप्यांतही वडिलांनी सोपवण्याची मागणी वाढत गेली, आणि ती बंद करावी असे प्रस्ताव स्वीडिश चर्चच्या सभेपर्यंत पोचले.

यातली गंमत नव्हे, गांभीर्य पाहा. परंपरेच्या नावाने ज्याची मागणी होतेय ते तिथे नवं आहे, आणि ज्याला 'आधुनिक स्त्रीवाद्यांचा आग्रह' म्हटलं जातं तेच तिथलं जुनं आहे. शिवाय स्वीडनमध्ये मुलीच्या लग्नाला कायदेशीर संमती देणारा पालक ही संस्था खरोखर अस्तित्वात होती. अविवाहित स्त्रीच्या वतीने लग्न ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे असे, आणि तो मोडायला एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. ज्या समाजाने तो अधिकार कायद्यातून काढला, त्याने त्याचंच चित्र हौसेने चर्चमध्ये परत आणावं का? तरीही मी बंदीच्या बाजूने नाही. दारात उभ्या असलेल्या नवरीला 'असं चालायचं नाही' म्हणून सांगणारा धर्मगुरू हादेखील तिच्या वतीने ठरवणारा आणखी एक पुरुष होतो. विधीच्या पुस्तकातला पहिला पर्याय लोकांना पहिला म्हणून दाखवणं, त्याची नीट तालीम करून घेणं, एवढं चर्चने केलं तरी पुष्कळ आहे.

मराठी हिंदू लग्नाकडे वळलं, की तेच दोन धागे वेगळे दिसतात. गौरीहर पुजून बसलेल्या मुलीला मामा बोहल्यावर घेऊन येतो, ते चालणं. मामा तिला देत नाही, तो सोबत करतो. माहेरच्या आईकडच्या बाजूचा मान त्यात आहे. पुढे मधे अंतरपाट, दोन्हीकडे हार घेऊन उभी राहिलेली दोघं, मंगलाष्टका, आणि पडदा सरला की एकमेकांना हार. या भागात कुणी कुणाला देत नाही. दोघं समोरासमोर, एकाच उंचीवर उभी असतात. दान येतं ते कन्यादानात. आता कायद्याने पाहा. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम 7 म्हणतं, की लग्न रूढ विधींनी लावता येतं आणि त्यात सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडताच ते पूर्ण होतं. कन्यादानाचा त्यात उल्लेख नाही, आणि मार्च 2024 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठानेही कन्यादान हा या कायद्याखाली लग्नाचा आवश्यक विधी नसल्याचं म्हटलं. मूळ कायद्यात लग्न ठरतं ते दोघांनी मिळून टाकलेल्या पावलांवर! चालण्याचं महत्त्व याहून जास्त कोण सांगणार?

आणि हा विचार बाहेरून आलेला नाही. 25 डिसेंबर 1873 ला सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न लागलं. जोतीराव फुल्यांनी वधूवरांनी एकमेकांना उद्देशून म्हणायच्या मंगलाष्टका रचल्या, ज्यात वधू आपल्या हक्कांबद्दल वराला विचारते आणि वर उत्तर देतो. भटजी नाही, देणारा नाही. बोलणारी दोन माणसं आहेत आणि ऐकणारा समाज आहे. दीडशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात हे झालं असताना आज कन्यादानाला पर्याय शोधत कुणी इंग्रजी हवाली-विधीपर्यंत जावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रत्यक्षात करायचं कसं, हेही सांगायला हवं, कारण चांगले विचार बहुतेक वेळा तालमीअभावी वेदीपाशी अडखळतात. चर्चमध्ये वेदीकडे तोंड केलं की नवरीची जागा डावीकडे आणि नवऱ्याची उजवीकडे. वडिलांसोबत येताना नवरी त्यांच्या डाव्या हाताशी असेल, तर शेवटी रांग अशी लागते: नवरी, वडील, नवरा. वडील अडकतात दोघांच्या मध्ये. त्यांना मागे सरून, नवरीच्या पाठीमागून वळसा घालून डावीकडच्या पहिल्या बाकाकडे जावं लागतं, आणि नेमका तिथेच गाऊनचा घोळ आणि डोक्यावरचं लांब जाळीदार कापड (व्हेल) पसरलेलं असतं. पाय पडतो, व्हेलची कंगवी केसांतून ओढली जाते, आणि फोटोत नवरीचा हात डोक्याकडे. वडिलांसोबतच यायचं असेल तर तिने त्यांच्या उजव्या हाताशी राहावं. मग रांग वडील, नवरी, नवरा अशी लागते, आणि वडिलांचं बाक त्यांच्याच बाजूला असतं. दोघांनी एकत्र आत यायचं ठरवलं, तर हा गुंताच उरत नाही. दारात ज्या बाजूला उभे राहिले त्याच बाजूला वेदीपाशी उभे. कुणी कुणाला ओलांडायचं नाही.

वाटेची रुंदी आधी मोजावी. बाकांच्या टोकांमध्ये 1.2 मीटर असेल तर दोन माणसं शेजारी-शेजारी चालू शकतात. पण बाकांना लावलेले फुलांचे गुच्छ दोन्हीकडून 15-15 सेंटिमीटर आत आले की उरतात 90, आणि घेरदार गाऊन एकटाच मीटरभर जागा खातो. मग फुलं एक तर बाकांच्या मागच्या अंगाला बांधावीत किंवा एक आड एक बाकाला, ती पण खांद्याच्या उंचीवर, गाऊनच्या घेराच्या वर. आई आणि वडील दोघांना मुलीच्या दोन बाजूंनी चालायचं असेल तर 1.8 मीटर तरी मोकळे हवेत. तेवढी जागा नसेल तर ज्येष्ठांच्या जोड्या पुढे पाठवाव्यात: आधी नवऱ्याचे आईवडील, मग नवरीचे, मग वधूवर. एक पालक हयात नसेल तर भाऊ, बहीण, आजी, कुणीही सोबत चालावं. बाई चालली तर विधी बिघडत नाही. दोन जोड्यांत चार बाकांचं अंतर ठेवलं की मागची माणसं पुढच्यांच्या टाचेवर येत नाहीत. जमिनीवर पांढरा कापडी पट्टा अंथरायचा मोह टाळलेला बरा. गुळगुळीत लादीवर तो टाचेखाली गोळा होतो, आणि ज्येष्ठांचे पाय अडकतात ते यातच. अंथरायचाच असेल तर दोन्ही कडांना पूर्ण लांबीभर चिकटपट्टी लावावी, फक्त टोकांना लावून भागत नाही.

वेळेचा अंदाज वादकाला द्यावा. 25 मीटरची वाट, 45 सेंटिमीटरचं संथ पाऊल, म्हणजे साधारण 55 पावलं. सेकंदाला एक पाऊल धरलं तर मिनिटभरात संपतं. 1981 मध्ये डायनाला सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये साडेतीन मिनिटं लागली होती, कारण वाट प्रचंड होती, मागे 25 फुटांचा पदर होता आणि आजारातून उठलेले वडील तिच्या आधाराने चालत होते. आपल्याकडच्या बहुतेक चर्चमध्ये संगीताचं दुसरं कडवं सुरू व्हायच्या आत जोडपं पोचतं; म्हणून कुठेही थांबवता येईल अशी चाल निवडावी. 'नवऱ्याने तिला येताना पाहायचा क्षण हरवतो' ही एक तक्रार कायम असते. तो क्षण दारात घडू द्यावा. धर्मगुरू दोघांचं स्वागत करायला दारापाशीच येतो. नवरा आधी पाच मिनिटं येऊन उभा राहावा, नवरी गाडीतून उतरावी, आणि छायाचित्रकार तिथे हवा. बहुतेक छायाचित्रकार सवयीने वेदीकडे पाठ करून मधल्या वाटेत ठाण मांडतात. त्यांना आदल्या दिवशीच सांगितलं नाही तर दारातलं काहीच टिपलं जात नाही.

हॉलमधल्या हिंदू लग्नात तर काम आणखी सोपं आहे. गालिच्याची वाट हवी तर ठेवा, पण मुहूर्ताच्या आधी पंधरा मिनिटं ती वापरून संपवा; कोरड्या बर्फाचा धूर आणि गाण्यांची जुळवाजुळव यांत दहा मिनिटं सहज जातात आणि अंतरपाट धरलेले लोक हात अवघडून उभे राहतात. मामाने मुलीला आणावं आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूने मुलाला त्याच्या आत्याने किंवा मामीने आणावं. अंतरपाटापाशी दोघं पोचतात, आणि दोघंही कुणाच्या तरी सोबतीने आलेली असतात.

या सगळ्यात एक गोष्ट विधीपेक्षाही महत्त्वाची आहे आणि तिच्यावर कुणी भांडत नाही. 1872 चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा अजून लागू आहे. परवानाधारक धर्मोपदेशक किंवा विवाह निबंधक यांनी लावायच्या लग्नांसाठी त्याच्या कलम 19 मध्ये 21 वर्षांखालच्या व्यक्तीच्या लग्नाला संमती कोण देणार याचा क्रम दिला आहे: वडील हयात असतील तर वडील; ते नसतील तर पालक म्हणून नेमलेली व्यक्ती; आणि अशी व्यक्तीही नसेल, तेव्हा कुठे आई. लग्नाचं किमान वय मुलींना 18 आणि मुलांना 21 असल्यामुळे हे कलम प्रत्यक्षात लागतं ते 18 ते 21 मधल्या मुलींनाच. वाटेवर वडील चालावेत की आई, यावर आपण रात्ररात्र वाद घालतो, आणि कायद्याच्या पानावर आई आजही तिसऱ्या क्रमांकावर बसली आहे. ज्यांना या विषयाची खरोखर कळकळ आहे, त्यांनी आपल्या आमदार-खासदारांना, आपल्या धर्मप्रांताला आणि विधी आयोगाला हे कलम बदलण्यासाठी पत्रं लिहावीत. आई आणि वडील यांची नावं तिथे एकाच ओळीत यायला हवीत, आणि 18 पूर्ण झालेल्या मुलीच्या बाबतीत ती ओळही असू नये.